लंगडा गोफ

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या गुरूंकडे निघाली. शिकायला नव्हे, हार पत्करायची परवानगी मागायला.

शलाका पाटणकर हे तिचे नाव. गणिती भौतिकशास्त्रात तिचे संशोधन चालू होते. तिचे मार्गदर्शक केळुसकर सर निवृत्तीनंतर कोकणातल्या आपल्या गावी येऊन राहिले होते. विद्यापीठ त्यांनी सोडले, पण हाताखालची ही शेवटची विद्यार्थिनी सोडली नव्हती. प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती आणि त्यातले एक प्रकरण शलाकाला काढून टाकायचे होते. ते प्रकरण म्हणजे तिची तीन वर्षे. ते काढले की मागे उरणार होते ते जगाला आधीच ठाऊक असलेले. पदवी मिळाली असती, पण त्या पदवीत तिचे स्वतःचे असे काही राहिले नसते. हे तिला पुरते कळत होते, तरी ती एसटीत बसली होती.

तिचा विषय काय होता ते आधी सांगतो. गणिताचे नाव काढले की पान उलटणाऱ्यांनी थोडा दम धरावा, यात आकडेमोड अजिबात नाही. एका रांगेत, सारख्या अंतरावर, असंख्य छोटे चुंबक बसवले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाचे नाते फक्त शेजाऱ्याशी. एकाला धक्का लागला की तो शेजाऱ्याला देतो, शेजारी पुढच्याला. अशा रचनेला जालक म्हणतात. बहुतेक जालकांत एकदा धक्काबुक्की सुरू झाली की सगळा सावळागोंधळ. आरंभी काय होते याची खूणसुद्धा उरत नाही. काही थोडी जालके मात्र मुळातच शिस्तीची असतात. त्यांच्यात कितीही उलथापालथ होवो, काही राशी जशाच्या तशा राहतात. ऊर्जा ही त्यांतली एक, आणि तिच्या जोडीला आणखी पुष्कळ. या अक्षय राशींचे आपसात असे जमते की एकीमुळे दुसरीला कधी बाधा पोचत नाही, आणि त्यांच्या आधाराने त्या सबंध रांगेचे भविष्य कागदावर मांडता येते. अशा जालकाला समाकलनीय म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ एवढाच, की कितीही गुंतले तरी सुटणारे.

आता खऱ्या जगात नाती काय फक्त शेजाऱ्यापुरती असतात? म्हणून शलाकाने त्या रांगेत एक बदल करून पाहिला. प्रत्येक चुंबकाचे शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही किंचित नाते जोडले. समीकरणात एक छोटे पद वाढले, एवढेच. पण त्या चिमूटभर पदाने अक्षय राशींची घडी विस्कटली. तिने एका राशीला ठिगळ लावून सरळ केले, तर दुसरी वाकडी झाली. दुसरीला वेगळे ठिगळ लावले, तर तिचे पहिलीशी बिनसले. इकडे शिवावे तर तिकडे उसवावे, असे करता करता तीन वर्षे गेली आणि पोरीचा धीर सुटला.

सर ओटीवर सुपारी कातरत बसले होते. शलाकाने पाया पडून चहा घेतला आणि कप खाली ठेवायच्या आत बोलून टाकले.

"सर, ते प्रकरण मी काढतेय. तुमची सही हवी."

"का गं?"

"एवढंसं पद आहे ते, पण त्याच्यापायी सगळं बिघडतंय. ते काढलं की बाकीचं कसं स्वच्छ आहे! कुठेच काही खटकत नाही."

"आणि बाकीच्या राशींचं तू काय केलंस?"

"त्यांचं काय करायचं? त्या बरोबरच आहेत, सर. दोष या नव्या पदाचा. जी अगदीच बिघडली तिला तेवढी दुरुस्ती केली, बाकीच्यांना मी हातसुद्धा लावलेला नाही."

सरांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "सही उद्या सकाळी देतो. आज संध्याकाळी माझ्याबरोबर मांडावर चल. शिमगा जवळ आलाय, गोफाची तालीम आहे."

शलाकाला मनातून राग आला. घर जळतेय आणि हा माणूस आपल्याला नाच बघायला नेतोय! पण सही सरांची, गरज आपली. अडला हरी म्हणत ती संध्याकाळी त्यांच्या मागून देवळाकडे चालू लागली.

ज्यांनी गोफ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मांडाच्या, म्हणजे देवळापुढच्या नाचाच्या जागेच्या, मधोमध, वरच्या आडव्या वाशाला रंगीत दोऱ्यांचा जुडगा बांधलेला असतो. प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एका दोरीचे टोक. निम्मे उजवीकडून फिरतात, निम्मे डावीकडून. समोरून येणाऱ्या एकाच्या बाहेरून जायचे, पुढच्याच्या आतून. ढोलाच्या ठेक्यावर असे फिरता फिरता वर वेणी विणली जाते. पण हे झाले अर्धे काम. विणणे कुणालाही जमते हो! गोफाची खरी परीक्षा पुढे असते. उलट पावलांनी नाचत तो सोडवायचा, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात आपापली दोरी मोकळी आली पाहिजे. मोकळी आली तर तो गोफ, नाहीतर नुसता गुंता.

त्या संध्याकाळी मांडावर गुंताच होता. आठ नाचणाऱ्यांत दाजी राऊळ नावाचा साठी ओलांडलेला गडी होता. मिसरूड फुटल्यापासून तो गोफ नाचत आला होता, पण औंदा त्याचा उजवा गुडघा धरला होता. दोन पावले नीट पडत. तिसऱ्याला पाय टेकून त्याला क्षणभर थांबावे लागे. तेवढ्या क्षणात समोरचा पुढे निघून जाई, बाहेरून जायचा तो आतून जाई आणि दोरीला गाठ बसे. बाकीच्या सातांत बहुतेक पंचविशीतली पोरे. त्यांचा म्होरक्या निळू. त्याने सरांना पाहताच गाऱ्हाणे घातले.

"मास्तरांनू, आता तुमीच सांगा दाजीक. ह्या वर्सा बसान बघूक होया त्यान. एकट्याच्या पायात सगळ्यांचो गोफ बिघडता. बाकीचे आमी सगळे बरोबर असंव!"

दाजी दोरी हातात घट्ट धरून उभा होता. "पाय दुखता माझो. मी काय मेलंय नाय अजून," एवढे बोलून त्याने तोंड फिरवले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो वरच्या वाशाकडे बघत राहिला. दाजीच्या जागी उभे राहायला निळूचा भाऊ कमरेला शेला बांधून तयारच होता.

पोरे काही दुष्ट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. दाजीच्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी त्याला सांभाळून घ्यायचे ठरवले. त्याच्यापाशी आले की जरा थबकायचे. झाले, ढोल सुरू झाला. दाजीपाशी गोफ छान जुळला. पण थबकणारी पोरे पुढच्या गड्याला उशिरा भेटू लागली आणि गाठ तिकडे बसली. तिकडच्याने घाई केली, तर ती त्याच्याही पलीकडे सरकली. निळूने कपाळावर हात मारला.

तेव्हा सर पुढे झाले आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली.

"दाजीक काय सांगू नुको. तो नाचता तसो नाचांदे. आता तुमी साती जण लंगडा."

मग निळू म्हणाला, "आमी लंगडूचा? धडधाकट पायांनी? गाव हसात आमका!"

"हसांदे."

शलाकालाही काही उमजेना. सात पाय चांगले, एक वाईट. तर वाईट पाय बरा करायचा की चांगले सात बिघडवायचे? ती सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. पण सगळ्यांत जास्त लागले ते दाजीला. म्हाताऱ्याला वाटले, आपली भर मांडावर थट्टा चालली आहे. त्याने दोरी भिरकावून दिली. "माझी नक्कल करतास? माका हाकलूचो आसा तर सरळ हाकला!"

सर त्याच्याजवळ गेले. ती भिरकावलेली दोरी त्यांनी स्वतः वाकून उचलली, त्याच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "नक्कल नाय रे दाजी. आज तू शिकवूचा आणि ह्यांनी शिकूचा. तुझो पाय कसो पडता, ता तुझ्याशिवाय कोणाक ठावक आसा?"

दाजीने दोरीचे टोक मनगटाला गुंडाळले.

पहिल्या खेपेला तर हसून हसून पुरेवाट झाली. सातही जण लंगडले खरे, पण जो तो आपल्या मनाने. कुणी पहिल्या पावलाला, कुणी दुसऱ्याला. एकजण तर दोन्ही पायांनी लंगडत होता. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. वर दोऱ्यांचा असा पिंजरा झाला की विचारू नका. निळू रडकुंडीला येऊन म्हणाला, "बघलात मास्तरांनू? आठी जण लंगडून पण जमना नाय!"

आणि मग दाजीच बोलला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्याच्यातला जुना जाणता नाच्या जागा झाला होता. "असां नाय रे! पाय वडू नुको, टेकव. पाऊल, पाऊल, टेकव नि थांब. तिसऱ्याकच थांबूचा, सगळ्यांनी, एकदम." मग ढोलवाल्याकडे वळून त्याने दरडावले, "आणि तू काय सरळ बडवतंस? तिसरो ठोको खाली सोड. ढोल पण लंगडूक होयो!"

तिसरा ठोका रिकामा सोडत ढोल लंगडला. पाऊल, पाऊल, थांब. पाऊल, पाऊल, थांब. आठही जण तिसऱ्याला एकदम टेकत होते, एकदम थांबत होते, आणि जो ज्याला जिथे भेटायचा तिथेच भेटत होता. कुणी कुणासाठी खोळंबला नाही, कुणाला घाई करावी लागली नाही. वर वेणी उतरू लागली. जुनी नव्हती ती; जरा सैल, पण एकसारखी, आणि खरे सांगायचे तर जुनीहून देखणी. हात टेकतील इतकी वेणी खाली आली तेव्हा निळूने आरोळी दिली आणि सगळे उलटे फिरले.

शलाका दोन पावले पुढे सरकली. विणणे सोपे असते, हे सरांनी तिला येता येता सांगितले होते.

पाऊल, पाऊल, थांब. वेणी उलगडत वर वर गेली, आणि शेवटच्या ठोक्याला आठ दोऱ्या मोकळ्या होऊन आठ हातांत आल्या. कुठेही गाठ नव्हती. पायरीवरची एक आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "गे बाय माझे! खंयसून हाडलास रे ह्यो नवो गोफ?" कुठून आणला ते कुणी सांगायच्या आत निळूने दाजीला कमरेत धरून उचलले. दाजी "अरे माझो गुडघो, माझो गुडघो" म्हणत हसत होता आणि रडतही होता.

परत येताना शलाका वाटेतच थांबून म्हणाली, "बाकीचे सगळे बरोबर आहेत, असं निळू म्हणाला. सकाळी मीही हेच म्हटलं होतं."

"म्हणालीस खरी."

"सर, मी त्या पदाला लंगडं ठरवलं."

"नवं तेच होतं, म्हणून दोष त्याच्या माथी गेला. असं सगळेच करतात," सर म्हणाले. "तुझ्या जुन्या राशी बरोबर होत्या, कबूल. पण कुठल्या रांगेच्या? जुन्या रांगेच्या. रांग बदलली आणि यांनी म्हणायचं, आम्ही जागच्या हलणार नाही, तर त्या बरोबर कशा राहतील? आणि ठिगळांचं म्हणशील, तर त्या दोन पोरांनी तेच केलं. शेजारापुरतं सांभाळलं, गाठ पुढे ढकलली. अगं, राशी जशाच्या तशा टिकवायच्या नसतात. त्यांचं आपसातलं जमणं टिकवायचं असतं. त्याकरता सगळ्यांनी बदलावं लागतं, आणि एकाच नियमाने. आपापल्या मनाने लंगडलं की काय होतं ते पाहिलंसच. ऊर्जेचा जो नियम, तोच दुसरीचा, तोच तिसरीचा, तोच शेवटचीचा. तो नियम तू शोधलाच नाहीस. तू बिघडेल त्या प्रत्येकीला निराळं औषध देत बसलीस."

शलाका खाली मान घालून ऐकत होती. मग तिच्यातली गणिती जागी झाली. "पण असा नियम प्रत्येक बदलाला सापडतोच का?"

"नाही," सर ताडकन म्हणाले. "भाबडेपणा नको. काही लंगडणं असं असतं की त्याचा ठेका होत नाही. काही केल्या वेणी सुटत नाही. तुझं पद तसं निघालं, तर खुशाल तसं लिही. तेही ज्ञानच आहे, त्यालाही मी सही करीन. पण सगळ्यांना एकदा लंगडायला लावल्याशिवाय लंगड्याला मांडाबाहेर काढू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पेन उघडून विचारले, "कुठे सही करू?" शलाकाने कागद पिशवीत परत घातले आणि ओटीच्या कोपऱ्यात बैठक मारली.

ती शिमग्यापर्यंत तिथेच राहिली. मुदत हुकली. विद्यापीठातून बोलणी खाल्ली, हातापाया पडून मुदत वाढवून घेतली. ठिगळे सगळी फाडून टाकली आणि एकच नियम धरून आरंभापासून प्रत्येक राशी नव्याने बदलत नेली. पहिले काही नियम वाया गेले. ती जणू मांडावरच्या पोरांची पहिली खेप. मग एक दिवस नियम जुळला. तीन वर्षे एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन राशी शेजारी ठेवल्या, आणि सगळी पदे एकमेकांत विरून खाली शून्य उरले. शलाका किंचाळली. सर आतून म्हणाले, "सुटला वाटतं. चहा टाक आता." प्रत्येक राशीचा हिशेब लागायला पुढे कित्येक महिने गेले. पण ते प्रकरण प्रबंधात राहिले. किंबहुना तेच प्रबंध झाले.

त्यानंतरच्या तिसऱ्या शिमग्याला ती पदवीचे पेढे घेऊन गावी गेली. मांडावर नवीन पोरांची तालीम चालू होती. ढोल तिसरा ठोका खाली सोडत होता. दाजी औंदा नाचत नव्हता. गुडघ्याने आता पुरताच असहकार पुकारला होता. पायरीवर काठी घेऊन बसला होता तो, आणि एका धडधाकट पोरावर खेकसत होता, "पाय वडू नुको रे, टेकव! नीट लंगडाक पण येना नाय तुमका?"

शलाकाने त्या पोराला विचारले, "हे मध्येच थांबायचं कशासाठी असतं रे?"

पोराने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू तिने देऊळ कशासाठी असते असे विचारले. "कशासाठी म्हंजे? आमचो गोफ असोच असता."

शलाकाने पायरीकडे पाहिले. दाजीने ते उत्तर ऐकले होते. त्याने काठी खाली ठेवली, पेढा तोंडात टाकला आणि चावता चावता दुखऱ्या गुडघ्यावरच ठेका धरला.

आपल्याही घरात, कचेरीत, गोतावळ्यात कुणा एकापायी गाठ बसते आहे असे वाटेल, तेव्हा त्याला बाहेर काढण्याआधी एकदा आपले पाऊल बदलून पाहावे.